डावी पुढची कॉलर अखेर सुटली, तीही चहाच्या किटलीने

मंडळी, रविवारी सकाळी पावणेबाराला "टक्" असा एक कोरडा आवाज आला आणि माझा सी-पाना (कॉलरच्या खाचेत अडकवायचा हूक पाना) अर्धा इंच पुढे सरकला. मला वाटलं पाना निसटला. परत लावला, परत सरकला. मग गाडीशेजारी तसाच बसून दोन मिनिटं नुसता हसत राहिलो. वॉचमनने वाकून विचारलं, "साहेब, बरं आहे ना?"

माझ्या स्विफ्टला उंची कमी-जास्त करता येणारे शॉक (कॉइलओव्हर किट) आहेत, आणि कॉलर म्हणजे ती उंची जागेवर आवळून ठेवणारी खाचांची गोल कडी. मागच्या अपडेटमध्ये मी लिहिलं होतं की गाडीची पुढची उंची १० मिमीने वाढवणार, एका शनिवारचं काम आहे. त्याला आता सतरा दिवस झाले. ज्यांनी तेव्हा "एका शनिवारचं" या शब्दांवर दात काढले होते त्यांची माफी मागतो.

उंची वाढवायची वेळ का आली ते थोडक्यात. गणपतीला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन गुहागरला गेलो. कुंभार्ली घाटात प्रत्येक डाव्या वळणावर उजवा टायर चाकाच्या कमानीतल्या लायनरला घासत होता. मागे बसलेल्या आईला दर वेळी वाटायचं की काहीतरी पडलं. रिकाम्या गाडीत झकास दिसणारी उंची भरल्या स्विफ्टला परवडत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं. त्यात चार रात्री गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी होती, वर पाऊस. परत आल्यावर बाहेरून धुतली, खालून नाही. सगळं रामायण इथून सुरू झालं.

माझ्या किटमध्ये पुढे उंचीसाठी खालचा ब्रॅकेट (शॉक चाकाशी जोडणारा तळाचा भाग) फिरतो आणि स्प्रिंगच्या प्रीलोडला, म्हणजे तिला आधीच दिलेल्या दाबाला, हात लावावा लागत नाही, हे जुन्यांना माहीत आहेच. शॉकची बॉडी स्टीलची, लॉक कॉलर ॲल्युमिनियमची. दोन वेगळे धातू, मधे खारट ओला चिखल: ही बॅटरीच झाली, आणि तिच्यात झिजतं ते बिचारं ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी आट्यांत फुगून बसते, सिमेंट भरल्यासारखी. उजवी कॉलर दोन झटक्यांत सुटली. डावी ढिम्म.

पहिल्या संध्याकाळचा किस्सा सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी उताणा पडून खालून काम करत होतो आणि सवयीने पाना डावीकडे फिरवत होतो. नट सोडताना आपण डावीकडेच फिरवतो ना! पण कॉलर ब्रॅकेटच्या वर बसलेली असते, सोडायची म्हणजे ती बॉडीवर वर चढली पाहिजे. वरून पाहिलं तर ती दिशा डावी, खालून पाहिलं तर उजवी. म्हणजे तासभर, दीड फुटाचा पाइप लावून, मी ती आणखी आवळत होतो. आता चाकाच्या कमानीवर आतून खडूने बाण काढून ठेवला आहे.

दिशा कळल्यावरही ती हलली नाही. पेनिट्रेटिंग ऑइल (अडकलेल्या आट्यांत झिरपणारं तेल) तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. तारेच्या ब्रशने वरचे आटे लखलखीत केले. किटबरोबर आलेला सी-पाना पाचव्या दिवशी वाकला. ते पाने मुळी पत्र्याचेच असतात, फोटोत दाखवण्यापुरते. बोहरी आळीत जाऊन फोर्ज केलेला जाड हूक पाना आणला. दुकानदार म्हणाला, "हा तुटला तर परत आणा." तो तुटला नाही, कॉलरची एक खाच मात्र गोल झाली. तिथे मी थांबलो. दुसरी खाच गेली असती तर कॉलर कापूनच काढावी लागली असती, आणि कापताना बॉडीच्या आट्यांवर ओरखडा पडला की नवी कॉलर तरी कशावर बसवणार?

आमच्या कोपऱ्यावरचे फिटर मामा म्हणाले, "ब्लो लॅम्प लाव, दोन मिनिटांत सुटेल." सुटली असती. पण आत दाबाखालचा गॅस, तेल आणि रबरी सील आहेत. तिथे ज्योत लावायची तर शॉकचीही आशा सोडायची आणि आपल्या भुवयांचीही. मामांना मान देऊन नाही म्हटलं. ते अजून थोडे रुसलेले आहेत.

पण उष्णतेची कल्पना डोक्यातून जाईना. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. एक अंश तापमानाला मीटरमागे ॲल्युमिनियम सुमारे २३ मायक्रॉन, स्टील १२. माझ्या आट्यांचा व्यास साधारण ५५ मिमी. दोन्ही ७० अंशांनी तापले तरी कॉलर बॉडीपेक्षा ०.०४ मिमी मोठी होते, आणि बॉडी तापायच्या आत फक्त कॉलर तापली तर ०.०९ पर्यंत. ऐकायला किरकोळ, पण भुकटीची पकड मोडायला तेवढी फट पुष्कळ. आणि ७० अंशांसाठी ज्योत कशाला? खोलीच्या तापमानाचं पाणी उकळलं की झालं. उकळतं पाणी शंभराच्या वर जात नाही, सील वाचतात.

म्हणून रविवारी स्वयंपाकघरातली इलेक्ट्रिक किटली, एक्स्टेंशन बोर्ड आणि बायकोच्या नजरेकडे दुर्लक्ष, एवढं घेऊन खाली उतरलो. कॉलरला जुनं फडकं गुंडाळलं, त्यावर बारीक धारेने पाणी सोडलं म्हणजे उष्णता तिथेच टिकते. जाड हातमोजे घाला, आणि यावेळी तरी खाली उताणे पडू नका, बाजूला बसा. पहिल्या किटलीला काही नाही. दुसरीनंतर पितळी गजाने कॉलरभोवती हलके ठोके दिले, गोल फिरत, जोरात नाही. तिसरी ओतून लगेच पाना लावला आणि तो "टक्" आला. ब्रॅकेट आट्यांत अडकला होता, त्याला आणखी एक किटली लागली.

आता खरं कारण. नुसतं मीठ नव्हतं. मागच्या वर्षी कॉलर लावताना मीच पाइप घालून आवळली होती, आणि "जीव खाऊन आवळा" असा सल्लाही तुम्हाला दिला होता. तो मागे घेतो. ब्रॅकेटला टेकल्यावर पान्याला हाताने एक ठाम झटका, बास.

पुढचं काम सरळ होतं. आटे मायेने साफ केले. आट्यांचा पिच २ मिमी, म्हणजे एका वेढ्याला २ मिमी सरकतं. पुढच्या मॅकफर्सन प्रकारच्या सस्पेन्शनला चाकाशी प्रमाण जवळपास एकास एक, आणि डावी बाजू आधीच थोडी खाली होती, म्हणून डावीकडे ६ वेढे, उजवीकडे ५. बॉडी ब्रॅकेटमध्ये किमान किती आत राहिली पाहिजे ती खूण उंची वाढवण्याआधी बघा. वर वर नेण्याच्या नादात तीच विसरली जाते.

मापं मी चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत घेतो, जमिनीपासून नाही. आमच्या पार्किंगला पाणी वाहून जायला उतार आहे. गवंड्याची लेव्हल नळी लावली तर डाव्या-उजव्यात ८ मिमी निघाले, आणि मागचं डावं चाक जाळीशेजारच्या खळग्यात १२ मिमी खाली. उताराने फारसं बिघडत नाही, पण एकच चाक खळग्यात गेलं की गाडी पिळली जाते आणि पुढची मापं खोटी येतात. त्याखाली प्लायचा तुकडा सरकवला. ड्रायव्हरच्या जागी तांदळाचं ५० किलोचं पोतं आणि २० लिटर पाण्याचा कॅन. गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकलून बसू दिली. आधी डावी ३४१, उजवी ३४४. आता ३५३ आणि ३५४. हा एक मिमी मी सोडून दिला आहे, आणि तो सोडता आला याचंच मला जास्त कौतुक वाटतं.

शिवाय एक गंमत. डॅम्पिंगचे (शॉक कडक-मऊ करायचे) नॉब पूर्ण घट्ट होईपर्यंत क्लिक मोजले, तर डावीकडे १४ आणि उजवीकडे ११. जास्त क्लिक म्हणजे जास्त मऊ. म्हणजे वर्षभर मी "गाडी डावीकडे मऊ वाटते" असं लिहून टायर, रस्ता आणि महापालिकेला बोल लावत होतो. दोन्ही १२ वर आणले.

अलाइनमेंट मंगळवारी. उंची बदलली की टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बदलतोच, तोवर ताम्हिणीकडे जायचं नाही.

आट्यांच्या संरक्षणासाठी सायकलची जुनी ट्यूब कापून वर चढवायची, असं ठरवून हे लिहायला बसलो होतो. ट्यूब कापूनही ठेवली आहे. पण आता वाटतंय, वरून आत गेलेलं पाणी बाहेर कुठून येणार? खारं पाणी आत कोंडून ठेवायला याहून चांगली पिशवी मिळणार नाही. तर ट्यूब रद्द. समुद्रावरून आलं की त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवायचं, आट्यांना धातू नसलेलं अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचं वंगण) पातळ हाताने, आणि दर तीन महिन्यांनी चारही कॉलर एक वेढा फिरवून परत जागेवर. तांबेवालं-निकेलवालं मी टाळतोय, तिथे तिसरा धातू कशाला आणू? यावर तुमच्यापैकी दोघं भांडणार हे माहीत आहे, भांडा.

आत्ताच फोटो काढायला खाली जाऊन आलो. मागे टॉर्शन बीमवर (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर) स्प्रिंगखालचा डावा ॲडजस्टर टॉर्चने पाहिला, तर आट्यांत तीच पांढरी भुकटी. किटली परत लागणार. ती मात्र कपाटाच्या वरच्या फळीवर गेली आहे आणि स्टूल लपवलेलं आहे.