क्वीन्सच्या जुन्या शेतावर स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर

न्यूयॉर्क शहराच्या हद्दीत 47 एकरांचं शेत आहे आणि ते 1697 पासून कसलं जातंय, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला चटकन पटत नाही. क्वीन्सच्या पूर्व टोकाला, लिटल नेक पार्कवेवर हे क्वीन्स काउंटी फार्म म्युझियम आहे. हिलसाइड अॅव्हेन्यूवरची देशी किराणा दुकानं तिथून फार लांब नाहीत, त्यामुळे बेलरोज, ग्लेन ओक्स, फ्लोरल पार्क या भागातली आपली मंडळी मुलांना शेळ्या-मेंढ्या दाखवायला तिकडे जातातच. तिथे जाऊन कामही करता येतं, हे मात्र बऱ्याच जणांच्या गावी नसतं.

आधी जागेबद्दल थोडं. हा सगळा पट्टा मुळात मॅटिनकॉक या इथल्या मूळ रहिवासी लोकांचा. मग एड्रिअन्स हे डच घराणं इथे शेती करू लागलं आणि 1772 मध्ये त्यांनी बांधलेलं लाकडी घर आजही उभं आहे. पुढे मालक बदलत गेले. 1926 मध्ये जमीन राज्य सरकारकडे आली आणि शेजारच्या क्रीडमूर मनोरुग्णालयाने ती वापरायला घेतली. रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला भाजी इथून जायची, आणि शेतकाम हा रुग्णांच्या उपचाराचाही भाग होता. 1975 मध्ये कायदा करून ही जमीन शहराच्या उद्यान खात्याकडे देण्यात आली, म्हणून ती बिल्डरांच्या हाती गेली नाही. रोजचा कारभार एक ना-नफा संस्था बघते. एरवी प्रवेश मोफत, मोठ्या जत्रांना तिकीट. पगारी माणसं मोजकी आणि काम रगड, म्हणून स्वयंसेवकांची गरज वर्षभर असते.

आता व्हिसाचा प्रश्न, कारण आपल्याकडून पहिली विचारणा त्याचीच होते. एच-4 वर आलेल्या जोडीदाराला किंवा एफ-1 वरच्या विद्यार्थ्याला ना-नफा संस्थेत खरीखुरी स्वयंसेवा करता येते. खरीखुरी म्हणजे एरवी कोणालाही जे काम पगार देऊन दिलं जात नाही असं काम, आणि त्याच्या बदल्यात काहीही न घेणं. ‘सध्या फुकट करा, परमिट आलं की नोकरी देऊ’ असं कोणी म्हणालं तर सरळ नकार द्यावा. ठरावीक तासांच्या बदल्यात भाजीची पेटी किंवा राहणं-जेवण मिळत असेल तर तो मोबदला धरला जाऊ शकतो. शंका असेल तर वकिलाला विचारा, व्हॉट्सअॅप ग्रुपला नको. पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांनी तर कार्यक्रम बघावेत, जत्रेत फिरावं; कामाच्या यादीत नाव घालू नये.

नोंदणी साधी असते: ऑनलाइन अर्ज, जबाबदारीमुक्तीचा कागद, अल्पवयीन मुलांसाठी पालकांची सही, आणि मग एखादं माहितीसत्र. धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्या 10 वर्षांत झालेलं असावं. अर्जात ‘काहीही करेन’ असं लिहू नका. कोणत्या वारी, किती वाजता आणि किती महिने येऊ शकता, हे लिहा. संयोजकाला दर दुसऱ्या शनिवारी हमखास येणारा एक माणूस हा एकदाच उत्साहाने आलेल्या दहा जणांपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण दर वेळी नव्याने शिकवायचं म्हटलं की सकाळ त्यातच जाते.

नवख्यांना बहुतेक वेळा खुरपणी, आच्छादन घालणं, भाजी धुणं-निवडणं आणि कंपोस्ट ही कामं मिळतात. यांतलं कंपोस्ट सगळ्यांत शिकण्यासारखं, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

ढीग किमान मीटरभर लांब, रुंद आणि उंच हवा. त्याहून लहान ढीग तापत नाही. भाज्यांची सालं, ताजं गवत अशा ओल्या हिरव्या मालाच्या एका बादलीला सुकी पानं, लाकडाचा भुसा, पेंढा अशा तपकिरी मालाच्या दोन ते तीन बादल्या. मूठभर माल घट्ट पिळला की एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर फार ओला, काहीच आलं नाही तर फार सुका. लांब दांडीचा तापमापक ढिगाच्या पोटात घालून रोज आकडा लिहायचा. ओळीने घातलेल्या ढिगासाठी अमेरिकेचा सेंद्रिय शेतीचा नियम असा: 55 अंश सेल्सियसच्या वर किमान 15 दिवस, आणि तेवढ्या काळात किमान 5 वेळा उलथणं. तिथले तापमापक फॅरनहाइटमध्ये असतात, म्हणून 131 हा आकडा डोक्यात ठेवा. उलथताना बाहेरचा थंड माल आत जायला हवा, नाहीतर तणाचं बी कडेला जिवंत राहतं आणि पुढच्या वर्षी गाजराच्या वाफ्यात उगवतं.

बिघाड नाकाला आधी कळतो. अमोनियाचा झणका आला तर हिरवा माल जास्त झालाय, सुकी पानं घाला. कुजक्या अंड्याचा वास आला तर आत हवा नाही. उलथा आणि जाड काड्या मिसळा. वास नाही पण उष्णताही नाही, तर बहुधा पाणी कमी पडलंय.

आपल्या स्वयंपाकघरातून काय न्यावं? भाज्यांची सालं, देठं, कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा हे उत्तम. पिरॅमिडच्या आकाराच्या टी-बॅगा नकोत, त्यांची जाळी बहुतेकदा प्लास्टिकची असते. फळांवरचे स्टिकर आधी काढा. ते कधीच कुजत नाहीत आणि चाळताना एकेक वेचावे लागतात. फोडणीची भाजी, भात, पनीर, मासे-मटण सामुदायिक ढिगात चालत नाही, त्याने उंदीर येतात. नारळाची करवंटी आणि आंब्याची कोय चालली तरी वर्षानुवर्षं तशीच राहते, त्यामुळे न नेलेली बरी.

दोन गोष्टींत आपला गावाकडचा अनुभव इथे अपुरा पडतो. पहिली शेणखताची. सेंद्रिय नियमानुसार कच्चं खत घातलं तर ज्याचा खाण्याचा भाग मातीला लागतो त्या पिकाच्या काढणीपूर्वी 120 दिवस, आणि बाकीच्यांसाठी 90 दिवस जावे लागतात. कारण ई-कोलायसारखे जंतू. पालक आणि लेट्यूस कच्चेच खाल्ले जातात. शिवाय गवतावर मारलेली काही तणनाशकं जनावराच्या पोटातून आणि कंपोस्टमधूनही टिकून राहतात आणि टोमॅटोची पानं चुरगळतात. म्हणून बाहेरून आलेलं खत वापरण्यापूर्वी कुंडीत घेवड्याचं बी लावून तीन आठवडे बघणं शहाणपणाचं. दुसरी गोष्ट गांडुळांची. ‘गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र’ हे इथे सरसकट लागू नाही. ईशान्य अमेरिकेत पूर्व आशियातून आलेली उड्या मारणारी गांडुळं पसरली आहेत. हात लावला की सापासारखी वळवळतात, आणि वरची माती कॉफीच्या चोथ्यासारखी भुसभुशीत, पाणी न धरणारी करून टाकतात. दिसली तर परत मातीत सोडू नका, तिथल्या माणसाला दाखवा. ढीग नीट तापला तर त्यांची अंडी मरतात. त्या 131 च्या आकड्याचा हा आणखी एक उपयोग.

शेतातल्या कामाचं वेळापत्रक हवामानावर चालतं. शेवटची थंडी साधारण एप्रिलच्या मध्यापर्यंत ओसरते, टोमॅटो-मिरचीची रोपं मे महिन्यात बाहेर जातात. मे ते जुलै या काळात गोचिडीची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात आणि त्यांच्यापासून लाइम हा आजार होतो. फिक्या रंगाची पूर्ण पँट, पायमोज्यात खोचलेली. घरी गेल्यावर कपडे गरम ड्रायरमध्ये, आणि गुडघ्यामागे, काखेत, केसांत, कंबरेशी तपासणी. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, काडेपेटी वगैरे उपाय करू नका. बहुतेक वेळा जंतू अंगात जायला 24 तासांहून जास्त लागतात, त्यामुळे त्याच दिवशी बघितलं तर धोका पुष्कळ कमी होतो.

शेतावरच्या जुन्या घरातलं काम वेगळ्याच प्रकारचं. अशा जुन्या घरांत साफसफाईची आपली सवय आवरावी लागते. ओलं फडकं वर्ज्य. मऊ नैसर्गिक केसांच्या ब्रशने धूळ व्हॅक्यूमच्या तोंडाकडे लोटायची. तोंडावर जाळी बांधलेली आणि ओढ कमी ठेवलेली, म्हणजे उचकटलेला ढलपा आत जात नाही. फवाऱ्याचं पॉलिश नको, त्यातल्या सिलिकॉनमुळे पुढे दुरुस्ती अवघड होते. जवसाचं तेलही नको, ते काळं पडतं आणि धूळ धरतं; शिवाय त्याचे बोळे गोळा करून ठेवले तर आपोआप पेट घेतात. खुर्ची पाठीला धरून उचलायची नाही, बैठकीखालच्या चौकटीला धरायची. भांडं कानाला किंवा काठाला धरायचं नाही, दोन्ही हात तळाशी. अंगठ्या, बांगड्या, गळ्यातलं लांब मंगळसूत्र आधीच काढून ठेवा किंवा आत खोचा, कारण वाकल्यावर तेच लाकडावर ओरखडा काढतं. धातूला नायट्रिलचे हातमोजे. चिनीमातीला सुती मोजे नकोत, वस्तू निसटते. 1978 पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा पोपडे खरवडण्याचं काम कोणीही अंगावर घेऊ नये.

हिवाळ्यात ही घरं मुद्दाम कमी तापवतात. हीटर जोरात लावला की हवा कोरडी होते आणि लाकडाचे सांधे उकलतात, त्यामुळे आत स्वेटर घालूनच काम करावं लागतं. विटांच्या दुरुस्तीला चुन्याचा गारा वापरतात, कारण सिमेंट जुन्या विटेपेक्षा कडक असतं. ओल बाहेर पडायला वाट उरत नाही आणि थंडीत गोठून विटेचाच पापुद्रा सुटतो. गावाकडच्या वाड्याला सिमेंटचा गिलावा द्यायच्या विचारात असलेल्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

सप्टेंबरमधली काउंटी फेअर, मक्याच्या शेतातला भुलभुलैया आणि ऑक्टोबरचे भोपळे, हे गर्दीचे दिवस. तेव्हा स्वयंसेवकांचं सर्वांत मोलाचं काम असतं जनावरांपाशी उभं राहून मुलांना साबणाने 20 सेकंद हात धुवायला लावण्याचं. माखलेल्या हातांवर सॅनिटायझर पुरेसा नसतो. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक टाळतात. तुम्ही मागून घ्या.

घर दाखवणारा मार्गदर्शक व्हायचं असेल तर इतिहासाचा अवघड भागही सांगता आला पाहिजे. शहरातल्याच दुसऱ्या एका जुन्या शेतघराचं उदाहरण घ्या: ब्रुकलिनमधलं वायकॉफ घर साधारण 1652 चं, शहरातली सर्वांत जुनी वास्तू. 1965 मध्ये शहराने संरक्षित ठरवलेली पहिली. तिथल्या शेतावर गुलाम माणसांनी राबून पिकं काढली. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पूर्णपणे संपायला 4 जुलै 1827 उजाडावं लागलं. लहान मुलं थेट विचारतात, ‘मग शेतात काम कोण करायचं?’ उत्तर सरळ द्यावं, वर्ष सांगावं, ‘नोकर’ म्हणून वेळ मारून नेऊ नये. आज त्या घराभोवतीची वस्ती कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांची आहे, आणि तिथे कललू ही त्यांची पालेभाजीही पिकवली गेली आहे. कललू म्हणून तिथे जी भाजी विकली जाते ती बहुतेक वेळा राजगिऱ्याच्या जातीची असते, तेव्हा ती निवडायची कशी हे आपल्या लोकांना वेगळं शिकवावं लागत नाही.