सुर्टसी : जिथे उतरता येत नाही असं बेट

आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावरून हेमाये बेटाकडे जाणारी फेरी पाऊण तासाच्या आतच पोचवते. बरेच प्रवासी तिथे पफिन पक्षी पाहायला जातात. मला पाहायचं होतं सुर्टसी. तिथे शास्त्रज्ञांखेरीज कुणालाही उतरायची परवानगी नाही, म्हणून हेमायेच्या दक्षिण टोकावरचं स्टोरहॉव्दी गाठायचं आणि नैर्ऋत्येकडे पाहत बसायचं. तिथला वारा नावाजलेला आहे. दुर्बीण काही केल्या स्थिर राहीना, तेव्हा दगडाला पाठ टेकवून बसलो. क्षितिजावर एक काळसर, बसकं बेट दिसलं.

नोव्हेंबर १९६३ पर्यंत तिथे नुसता समुद्र होता, सुमारे १३० मीटर खोल. १४ तारखेच्या सकाळी मासेमारी बोटीवरच्या लोकांना पाण्यातून धूर निघताना दिसला आणि एखादं जहाज पेटलंय असं त्यांना वाटलं. दुसऱ्याच दिवशी लाटांच्या वर जमीन आली होती!

ज्वालामुखीचा उद्रेक अर्थातच त्याआधी समुद्राच्या तळाशी सुरू झालेला होता. अटलांटिकच्या मधोमध जाणारी समुद्राखालची पर्वतरांग आइसलँडमध्ये पाण्याबाहेर येते. इथे दोन भूपट्ट वर्षाला साधारण दोन सेंटिमीटरने एकमेकांपासून दूर सरकतात आणि खालचा तप्त खडक वर चढतो. तो वितळतो तो आणखी तापल्यामुळे नव्हे, तर त्याच्यावरचा दाब कमी झाल्यामुळे. मला या साऱ्या प्रकारातली हीच गोष्ट सर्वांत अजब वाटते.

खोल पाण्यात ज्वालामुखी तसा शांत असतो. पाण्याच्या दाबामुळे वाफेला फुगायला वाव मिळत नाही. लाव्हा टूथपेस्टसारखा बाहेर येतो, वरची साल लगेच गोठते, मग ती फुटून पुढचा गोळा निघतो. अशा गोळ्यांची रास वाढत पृष्ठभागाजवळ आली की मात्र दाब उरत नाही. पाण्याची क्षणात वाफ होते आणि लाव्ह्याच्या ठिकऱ्या उडतात. सुर्टसी सुरुवातीला अशा भुसभुशीत राखेचाच ढीग होता.

असा ढीग समुद्र सहज गिळतो. शेजारीच सिर्टलिंगुर आणि योल्निर ही दोन छोटी बेटं वर आली होती, दोन्ही लाटांनी धुऊन नेली. सुर्टसी वाचलं, कारण एप्रिल १९६४ पर्यंत मुखाभोवती इतका भराव साचला की समुद्राचं पाणी आत शिरेना. स्फोट थांबले, लाव्हा वाहू लागला आणि राखेवर खडकाचं कवच चढलं. आतली राखही उष्णतेने आणि पाण्याने घट्ट दगड बनत गेली. म्हणजे नुसतं वर येऊन भागत नाही, टिकायलाही नशीब लागतं. जून १९६७ मध्ये उद्रेक थांबला तेव्हा बेट २.७ चौरस किलोमीटर होतं. आज जेमतेम निम्मं उरलंय.

हेमायेच्या गावातल्या एल्डहेमार संग्रहालयात सुर्टसीचं प्रदर्शन आहे, ते चुकवू नका. रिकाम्या जमिनीवर जीव कसा रुजतो याचं निरीक्षण सुर्टसीवर पहिल्यापासून चालू आहे. १९६५ मध्येच किनाऱ्यावर पहिलं फुलझाड उगवलं. पुढे सीगल पक्ष्यांच्या विष्ठेने जमीन सुपीक केली. एकदा तर चक्क टोमॅटोचं रोप सापडलं! कुणा संशोधकाने उघड्यावर उरकलेल्या प्रातर्विधीची ती देणगी निघाली. रोप अर्थातच उपटून टाकलं.

उतरून पाहता येईल अशी नवी जमीन हेमायेवरच आहे. २३ जानेवारी १९७३ च्या रात्री गावाच्या कडेलाच जमीन फाटली आणि एल्डफेल डोंगर उभा राहिला. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मच्छीमार बोटी बंदरातच होत्या, म्हणून सुमारे पाच हजार लोकांना रातोरात हलवता आलं. लाव्ह्याने शेकडो घरं गाडली, बेटाला दोन चौरस किलोमीटरहून जास्त जमीन जोडली आणि बंदराचं तोंडच बुजवायला घेतलं. लोकांनी समुद्राचं पाणी पंपाने त्याच्यावर मारून त्याला थिजवलं. बंदर वाचलं आणि त्याच लाव्ह्याच्या आडोशाने पूर्वीपेक्षा जास्त सुरक्षित झालं.