दोर होता ना, मग?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की समोरच्याची नजर माझ्या डाव्या पायाकडे गेली की पुढचं वाक्य मला आधीच ऐकू येतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी विचारला, फिजिओच्या मुलीने विचारला, मोठ्या नणंदबाई तर दर दिवाळीला विचारतात. आणि गेल्या महिन्यात आमच्या प्रस्तरारोहणाच्या बेसिक कोर्सच्या नव्या बॅचमधल्या एका मुलीने सगळ्यांसमोर, अगदी साधेपणाने विचारलं, "ताई, दोर होता ना? मग पाय कसा मोडला?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. "खडक निसटला गं." आणि गाठी शिकवायला घेतल्या.

परत येताना लोकलमध्ये मात्र ते उत्तर डोक्यातून जाईना. इतकी वर्षं मी हेच सांगत आलेय. ते खोटं नाही. पण ते अर्धं आहे, आणि त्या अर्ध्या उत्तराची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदा पूर्ण सांगते.

आधी दोराचं. घरच्यांना वाटतं, दोर म्हणजे विहिरीत बादली सोडतात तसा, वरून कुणीतरी धरलेला. कोर्सच्या पहिल्या दिवशी तसाच असतो. हात सुटला की तिथल्या तिथे लोंबकळायचं. पण तो दोर वर बांधायला आधी कुणीतरी वर जावं लागतं, आणि जो पहिला जातो त्याचा दोर खालून येतो. खाली बिलेयर, म्हणजे माझा दोर सांभाळणारा, उभा असतो. त्याच्या हार्नेसवरच्या, म्हणजे कमरेच्या पट्ट्यावरच्या, दोर रोखणाऱ्या डिव्हाइसमधून दोर माझ्या कमरेपर्यंत. चढताना मी भेगांमधून काही ना काही अडकवत जाते, चॉकनट (पाचरीसारखा बसणारा धातूचा तुकडा), फ्रेंड (पाकळ्या उघडून भेगेत घट्ट बसणारं साधन), एखादी जुनी मेख सापडली तर ती. त्यात कॅरॅबिनर, म्हणजे उघडझाप होणारी कडी, त्यातून दोर. शेवटच्या आधारापासून मी ५ फूट वर असले आणि सुटले, तर ५ फूट त्या आधारापर्यंत, ५ फूट त्याच्याखाली, शिवाय दोर ताणला जातो ते वेगळं. म्हणजे १० फुटांच्या पुढेच. सगळं नीट लावलेलं असताना, कुणाचीही चूक नसताना.

"दोर तुटला का?" नाही तुटला. लीडसाठी, म्हणजे पहिल्याने चढण्यासाठी, वापरायचा दोर चाचणीत ८० किलोचं वजन अतिशय वाईट तऱ्हेने टाकून किमान ५ वेळा तपासलेला असतो, आणि पहिल्या झटक्याचा जोर १२ किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो. तो ताणला जातो म्हणूनच माणसाची कंबर शाबूत राहते. मी ५४ किलोची. दोराने त्याचं काम केलं. कृपा करून दोराला आता सोडा.

जानेवारी २०१६. सुळक्याचं नाव देत नाही, नाव दिलं की सुळका बदनाम होतो. कर्जतच्या बाजूचा, खिंडीतून सुरू होणारा, आणि पहिलीच पिच, म्हणजे चढाईचा पहिलाच टप्पा. आकडे नीट सांगते, पुढे त्यांचं काम आहे. खिंडीपासून ८ फुटांवर एक लेज, म्हणजे कातळातला कट्टा, दीड हात रुंद. २० फुटांवर उभी भेग, तिच्यात मी बसवलेला चॉकनट. तो इतका पक्का की नंतर काढायला पोरांना हातोडी लागली. त्यावर ६ फूट भिंत कोरी. आणि २६ फुटांवर फ्लेक, म्हणजे भिंतीपासून सुटू लागलेली पण अजून न पडलेली, परातीहून मोठी कातळाची खपली. तिच्या मागे बोटभर फट.

सह्याद्रीत हे नवं नाही. आपला कातळ लाव्हाच्या थरांवर थर चढून झालेला. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तो लाल, भुसभुशीत पट्टा असतो. पावसाचं पाणी फटीत शिरतं, गवताची मुळं शिरतात आणि खपल्या सुटत जातात. म्हणून हात घालण्याआधी ठोकून बघायचं. माझी आई बाजारात मडकं घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघायची. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर खाली ठेवायचं. कोर्समध्ये मी मुलांना आईचं हेच उदाहरण देते.

त्या दिवशीही मी ठोकलं. ते बद्द वाजलं. आणि ते मी ऐकलं.

हे वाक्य मी आजवर कुठे लिहिलेलं नाही, कुणाला सांगितलेलं नाही.

फ्रेंड कसा टिकतो हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, असंही नाही. रे जार्डिन या अमेरिकन एरोस्पेस अभियंत्याने तो घडवला आणि १९७८ पासून तो बाजारात आला. दांड्यावरचा ट्रिगर खेचला की त्याच्या पाकळ्या मिटतात, सोडला की उघडून भेगेच्या दोन्ही बाजू दाबून धरतात. खाली ओढ बसली की त्या ओढीच्या साधारण दुप्पट जोराने तो प्रत्येक बाजूला बाहेर रेटतो. पक्क्या भेगेत याच रेट्यावर माणूस तोलला जातो. पोकळ फ्लेकच्या मागे हाच रेटा पहारीचं काम करतो. हे मी फळ्यावर चित्र काढून शिकवलेलं होतं. त्याच हिवाळ्यात.

तरी मी तो लावला. पोटऱ्या थरथरत होत्या, हात भरून आले होते, वरची भेग गवत-मातीने बंद होती, आणि ६ फूट खाली चॉकनटपर्यंत उलटं उतरणं चढण्यापेक्षा अवघड वाटत होतं. खिंडीत आमचे आठ जण होते, माना वर करून. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं, असं मनाशी म्हटलं. कॅरॅबिनर लावला, खाली ओरडले, "रोप दे!" दोर आला, अडकवला, आणि पुढे निघाले.

कंबर ३१ फुटांच्या आसपास असेल. डावा पाय वाळलेल्या गवताच्या गड्ड्यावर होता. गड्डा मातीसकट सरकला. पहिला झटका बसला आणि क्षणभर वाटलं, धरलं. मग कंबर पुन्हा हलकी झाली. त्या हलकेपणाने मला आजही झोपेत जाग येते. त्यानंतरचं मधलं काही नाही. एकदम लेज, आणि माझा डावा पाय. नडगी सरळ खाली आलेली आणि बूट तिसरीकडेच बघत असलेला. दुखायला लागायच्या आधी मी त्या बुटाकडे बघितलं आणि वाटलं, लेस नीट बांधलेली आहे.

लेजवर मी थांबले नाही, तोल जाऊन बाहेर कलंडले. तिथे दोराने मला धरलं, डोकं खाली, जमिनीपासून चार फुटांवर. खिंडीच्या त्या अंगाला घसारा आहे, सुट्या दगड-मातीचा उतार, खालपर्यंत. दोराने तिथे धरलं नसतं तर हे लिहायला मी नसते.

धरणारा माझा बिलेयर होता. एकवीस वर्षांचा. फ्लेकचा मोठा तुकडा त्याच्या खांद्याला घासून गेला, कोपरापर्यंत कातडी सोलली. त्याच्या हातातला दोर हलला नाही. वरून दगड येताना दिसत असताना ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा, हात न सोडणं काय असतं, हे ज्याने कधी बिले दिलाय त्यालाच कळेल. खालच्या वाडीतल्या मामांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली. डांबरी रस्त्याला लागेपर्यंत अंधार पडला होता. तो सोललेला हात तसाच घेऊन पोरगं पूर्ण वाट डोलीला खांदा देत होतं.

आणि आठवड्याभरात बोललं जाऊ लागलं, "बिलेयरने ढील सोडली असणार. नाहीतर लेजपर्यंत येते कशी?"

मी हॉस्पिटलमध्ये होते. घोट्यात प्लेट आणि सात स्क्रू. ही माझी सबब. पण फोन उशाशीच होता. ग्रुपसाठी अपघाताचा अहवाल मागितला तेव्हा मी पडल्या पडल्या लिहिला: "लीड क्लाइंबर ३१ फुटांवर असताना फ्लेक अचानक निखळला." 'अचानक' हा शब्द मी विचार करून घातला होता. फ्लेक अचानक निखळला म्हटल्यावर माझ्याकडे बोट दाखवायचं कारण उरत नव्हतं. मग लोकांना दुसरं कुणीतरी लागलं. पुढच्या दोन मोसमांत त्या मुलाला लीडला बिले द्यायला कुणी उभं केलं नाही. तोंडावर कुणी काही बोललं नाही. नावांची यादी लागायची, त्यात तो बॅकअपला असायचा, नाहीतर पाणी-सामानाला.

आता ते आकडे घ्या. चॉकनट २० फुटांवर, माझी कंबर ३१ वर. म्हणजे मी त्याच्या ११ फूट वर होते. फ्लेक गेल्यावर दोर ताठ व्हायला कंबर चॉकनटच्या ११ फूट खाली यावी लागते, ९ फुटांवर. पाय कमरेच्या तीन फूट खाली धरले तर ६ फुटांवर. लेज ८ फुटांवर. इंचभरही ढील नसती, जगातला सर्वात निष्णात बिलेयर खाली उभा असता, तरी माझे पाय लेजवर आपटलेच असते. आणि फ्रेंड टिकला असता तर कंबर २१ च्या आसपास थांबली असती, ताणाचे काही फूट धरूनही लेजपासून कितीतरी वर. पाचवीतल्या मुलाला जमेल असं हे गणित आहे. ते मांडायला मला इतकी वर्षं लागली, कारण ते मांडलं की पुढचा प्रश्न येतो, मग फ्रेंड तिथे लावला का?

बोल्टचं म्हणाल, तर तोही प्रश्न होतो. "तिथे बोल्ट मारून ठेवला असता तर?" मारला असता तर मी वाचले असते, हे मान्य. मी बोल्टच्या विरोधात नाही. आपल्या भिंतींवर नुसत्या चॉकनट-फ्रेंडवर प्रत्येक वाट होत नाही. भेगा उथळ, मातीने भरलेल्या. जुन्या लोकांनी हातोडी-पंचने एकेक भोक पाडून वाटा काढल्या म्हणून आपण तिथे जातो. पण त्यांनी मारलेल्या मेखा आणि बोल्ट कित्येक पावसाळे खाऊन बसलेत. गंजलेला बोल्ट बाहेरून कसाही दिसो, आत काय आहे ते कळत नाही. त्यावर आपण डोळे मिटून भार टाकतो. फ्लेक निदान बोलला होता. मला हे असं वाटतं, आणि घोट्यात थंडीची कळ आली की नेमकं उलटं वाटतं. दोन्ही वेळा मी खरीच असते.

तेव्हाच्या माझ्याशी मी अजून भांडते. मी म्हणते, बद्द वाजलं तिथेच परतायचं होतंस. ती म्हणते, हात भरलेले होते, उतरताना सुटलीच असतीस, तीही चॉकनटच्या वर ६ फुटांवरून. मी म्हणते, तिथून सुटले असते तर कंबर १४ फुटांवर थांबली असती, पाय ११ वर, लेजला लागलेच नसते. ती म्हणते, हे आता कागदावर बसून. मी म्हणते, फ्रेंड लावला नसतास तर पुढे गेली नसतीस, त्या खोट्या आधाराने तुला वर नेलं. यावर तिच्याकडे उत्तर नाही. पण मला तरी कुठे ठाऊक आहे? आठ जण खाली बघत असताना मी फ्रेंडशिवायही गेले असते, असं मला काही रात्री वाटतं.

"आता पुन्हा चढता का?" चढते. सेकंडला, म्हणजे दुसऱ्याच्या मागून, जास्त, सोपं असेल तर लीड. ठोकून बघण्यात आता इतका वेळ घेते की खालची मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

हे इथे टाकण्याआधी माझ्या त्या बिलेयरला वाचायला पाठवलं. तो आता पुण्यात नोकरी करतो, मुलगी आहे त्याला. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी रात्री फोन आला.

"ताई, एक राहिलंय. तू 'रोप दे' म्हणालीस ना, क्लिप करायला? तेव्हा दिलेला हातभर दोर मी परत घेतला नव्हता. घेणार होतो, तेवढ्यात तू निघालीस."

मी म्हटलं, "अरे, पण ढील शून्य धरली तरी पाय लेजवरच येतात. हिशोब केलाय मी, वाचलास ना?"

"हिशोब मी त्याच आठवड्यात केला होता ताई," तो म्हणाला. "तेव्हाही तेवढंच आलं होतं."

मग मुलगी रडायला लागली म्हणून त्याने फोन ठेवला. त्याने सांगितलं म्हणून तेही लिहिते: हातभर ढील होती. ती मीच मागितली होती.