शिवरात्रीनंतर रेंगाळलेली थंडी

सोमवार

शिवरात्र झाली की थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, असं आपण म्हणतो. यंदा साताऱ्यातून तिचा पाय काही निघत नाही. दुपारी स्वेटर अंगात नकोसा होतो आणि पहाटे दोन पांघरुणं पुरत नाहीत. अशा आठवड्यात निवृत्त नवरा-बायकोने घरातली कामं घड्याळावर लावू नयेत, उन्हावर लावावीत, असं आमचं ठाम मत आहे.

पहिली गोष्ट फिरण्याची. नोकरीच्या काळातली पाच-साडेपाचची सवय सुटत नाही, पण या दिवसांत ती सोडावीच. गार हवा पहाटे खाली बसून राहते आणि तिच्यासोबत चुलींचा, पेटवलेल्या पाल्याचा धूरही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या गल्ल्यांत तर ऊनही उशिराच उतरतं. आठनंतर निघालं, कान झाकले, निघताना घोटभर कोमट पाणी घेतलं की पुरे. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी जातं, आणि मग रात्री पोटऱ्यांत गोळे येतात तेव्हा आठवण होते.

संध्याकाळी किलोभर लोकवन गहू निवडून, धुऊन भिजत घातले. कुरडयांसाठी. एवढं ऊन आणि एवढी गार रात्र एकत्र मिळणं म्हणजे चिकाची, म्हणजे भिजल्या गव्हातून निघणाऱ्या सत्त्वाची, चांदी.

मंगळवार

सोलरचं पाणी. सकाळी नळ सोडला की आधी गारच पाणी येतं आणि लोक म्हणतात सोलर बिघडला. तो बिघडलेला नसतो. टाकीतलं पाणी गरम असतं, पाइपातलं रात्रभरात निवलेलं असतं. अर्धा इंची पाइप गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत पंधरा मीटर असेल तर त्यात साधारण दोन ते तीन लिटर पाणी मावतं. ते बादलीत धरावं, तुळशीला आणि फरशीला होतं. पण त्यानंतरही पाणी कोमटच येत असेल तर आदल्या संध्याकाळचा वापर आठवावा. गरम पाणी जितकं काढाल तितकं गार पाणी टाकीत खालून शिरतं, आणि रात्री ते तापवायला ऊन नसतं. म्हणून भांडी, कपडे यांचं गरम पाणी दुपारपर्यंतच वापरायचं.

काचेच्या नळ्यांवर या दिवसांत धूळ फार बसते. त्या पहाटे, गार असतानाच पुसाव्यात. टाकी रिकामी झाली असेल तर भर उन्हात पाणी सोडू नये. तापलेल्या कोरड्या नळीत गार पाणी शिरलं की ती तडकते.

अंघोळ नऊनंतर. ज्यांच्याकडे गॅसचा गीझर आहे त्यांनी थंडी वाजते म्हणून न्हाणीघराची खिडकी अजिबात लावू नये. आत साचणाऱ्या विषारी वायूला ना रंग ना वास, त्यामुळे माणसाला कळतच नाही.

गुरुवार

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब थोडा चढतो. घरी यंत्र असेल तर पट्टा स्वेटरवरून बांधू नये, स्वेटर काढून उघड्या दंडावर बांधावा. आधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसावं, दंड छातीच्या पातळीला असावा, चहा होऊन अर्धा तास गेलेला असावा. आकडा वहीत तारीख-वेळेसह लिहावा. एका वाढलेल्या आकड्यावरून गोळी आपल्या मनाने वाढवू नये. वही डॉक्टरांना दाखवावी.

दह्याचं असं की रात्री लावलेलं सकाळी दुधासारखंच हलतं. अर्धा लिटर दुधाला चमचाभर विरजण पुरतं, ते वाढवलं तर दही आंबट होतं. दूध बोटाला सोसेल इतकं गरम हवं आणि भांडं रात्रभर पिठाच्या डब्यात ठेवावं. पीठ ऊब धरून ठेवतं.

पिठावरून आठवलं. दोघांच्या घरात ज्वारी पाच किलो दळून आणू नये. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे त्याचा चिकटपणा, जाते आणि भाकरी थापतानाच कडेने फाटते. दोन किलोच दळावी. तरी विरी गेलीच तर उकळत्या पाण्यात मळावं.

शुक्रवार

एरवी तीन दिवसांत भिजणारे गहू या थंडीत एक दिवस जास्त घेतात. रोज सकाळी पाणी बदलायचं. घाई म्हणून कोमट पाणी घालू नये, वास येतो. दाणा चिमटीत दाबल्यावर पांढरं दूध फुटलं की झालं. मिक्सरवर थोडे थोडे, भरपूर पाण्यात वाटले. आधी चाळणीतून, मग पातळ फडक्यातून गाळले. चोथा आणखी दोनदा पाण्यात कुस्करून पिळायचा, चिक त्यातच अडकलेला असतो. रात्रभर पातेलं हलवायचं नाही.

शनिवार

वरचं पिवळसर पाणी ओतून दिलं. खाली चिक घट्ट बसलेला, आंबूसपणा अजिबात नाही. उन्हाळा चढला की हे मिळत नाही. एक वाटी चिकाला एक वाटी पाणी. पाण्यात मीठ, हिंग घालून खळखळ उकळी आणायची, चिक मोडून धारेने सोडायचा आणि लाटण्याच्या टोकाने एकाच दिशेने घोटत राहायचं. दोघं असल्याचा खरा फायदा इथे आहे, एकाने ओतायचं, दुसऱ्याने घोटायचं. मग झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं वाफ. चिक चकचकीत, काचेसारखा दिसायला हवा. पांढरी रेघ राहिली तर तो कच्चा आहे. अशा कुरडया वाळताना तुटतात आणि तळताना फुलत नाहीत.

गार हवेत शिजलेला चिक पटकन आवळतो आणि सोऱ्या दाबताना मनगटं भरून येतात. म्हणून सगळा एकदम शिजवू नये, निम्मा निम्मा शिजवावा, आणि पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवावं. सोऱ्याला आतून तेलाचा हात.

साडेनऊला गच्चीवर प्लास्टिक अंथरून घातल्या. दुपारी वारा सुटतो, धूळ येते, तेव्हा वरून पातळ ओढणी. वरची बाजू सुकली की उलटायच्या. आणि ऊन कलायच्या आत घरात आणायच्या, कारण दव पडलं की दिवसभराचं वाळवण पुन्हा मऊ पडतं. अशी तीन उन्हं द्यायची. कुरडई मोडताना कट्ट आवाज आला की डब्यात भरायची, पण उन्हातून आणल्या आणल्या नाही, पूर्ण निवल्यावर. गरम भरल्या तर झाकणाला आतून घाम धरतो आणि बुरशी येते.