बेलवलकरांना टाळ्या, सुधाकरला शिव्या

स्नेहसंमेलन असो की एकपात्री स्पर्धा, कुणीतरी शाल पांघरून ‘कुणी घर देता का घर?’ करत येतंच. मिसरूडही न फुटलेली पोरं ‘नटसम्राट’मधले म्हातारे नट अप्पासाहेब बेलवलकर होतात. सुधाकर व्हायला मात्र कुणी राजी नसतं. आमच्या हौशी संस्थेत राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तले प्रवेश करायचे ठरले तेव्हा विनोदी दारुड्या तळीरामावर उड्या पडल्या आणि सुधाकर माझ्या गळ्यात आला.

पाठांतर करताना मला जाणवत गेलं, की हा माणूस दारूने बुडायच्या आधीच मानाने बुडालाय. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, वकिलीची सनद काही काळासाठी जाते, आणि तो सल विसरायला तळीराम पुढे करतो तो पहिला पेला. बेलवलकरांचंही मूळ दुखणं हेच. असलं नसलं ते पोरांना वाटून टाकण्यात प्रेम आहेच, पण आपल्या दिलदारपणाचा थाटही आहे. शेक्सपिअरच्या लिअर राजाची गोष्ट ‘नटसम्राट’ लिहिताना शिरवाडकरांनी मराठी घरात आणली, तीही अशा माणसाच्या घरात, ज्याला भरलेलं थिएटर बघायची सवय आहे. पुढे लेकीच्या घरी चोरीचा आळ येतो तेव्हा मोडतो तो बापापेक्षा जास्त हा मानी नट.

इथून पुढे मात्र माझं मत सुधाकरच्या बाजूने झुकतं. बेलवलकरांवर अन्याय होतो. आपण बिनघोर रडू शकतो. शिवाय दुःख झालं की त्यांच्या मदतीला भूमिका धावून येतात, आणि शिरवाडकरांची भाषा तर अशी की रस्त्यावर आलेला म्हाताराही सम्राटच वाटतो. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी ती भूमिका उभी केली, तेव्हापासून प्रत्येक मोठ्या नटाला ती खुणावत आली आहे.

सुधाकरला असा आडोसाच नाही. नशेत त्याच्या हातून स्वतःचं तान्हं मूल मरतं. त्याच्यावर दया करायची तर त्याच्या बायकोकडे, सिंधूकडे पाठ फिरवावी लागते, आणि ते कसं जमणार? १९१९ साली गंधर्व मंडळींनी नाटक आणलं तेव्हा सिंधू खुद्द बालगंधर्व होते. लोक सिंधूचं ‘कशि या त्यजू पदाला’ गुणगुणत घरी गेले असतील, तर त्यांना दोष कोण देणार! (गडकरी त्याआधीच, त्याच वर्षी जानेवारीत गेले. त्यांना हा प्रयोग बघायला मिळाला नाही.)

पण आपल्या मित्राला, रामलालला सुधाकर व्यसनाच्या पायऱ्या समजावतो ना, ते भाषण मोठ्याने वाचून बघा. सोडता येते तेव्हा सोडावीशी वाटत नाही, सोडावीशी वाटते तेव्हा सुटत नाही, असा त्याचा सगळा रोख. बुद्धी शाबूत असलेला वकील स्वतःविरुद्धच खटला चालवतोय आणि जिंकतोय. बेलवलकर स्वतःकडे इतक्या कोरड्या नजरेने कधीच बघत नाहीत. तालमीत मी ते भाषण सुरुवातीला रडत म्हणायचो, दिग्दर्शक म्हणाले, “अरे, रडू नकोस. युक्तिवाद कर.” तेव्हा कुठे ते उभं राहिलं.

आज कुणी हे नाटक करणार असेल तर आर्य मदिरा मंडळाचे, म्हणजे नाटकातल्या दारुड्यांच्या टोळक्याचे विनोद खुशाल कापा, एरवीही ते लांबतात. दारू सोडून सुधाकर नोकरी मागत फिरतो आणि जुने ओळखीचे त्याला हिडीसफिडीस करतात, त्या प्रवेशाला तेवढी कात्री लावू नका.