तुम्ही विचारलंत म्हणून: चौकट लेखातच का लिहीत नाही

दर हंगामात हाच प्रश्न. लेख लिहून देणारी पोरं विचारतात, गटाचे अध्यक्ष विचारतात. परवा तर आमच्यासारखीच शेतीची साइट काढायला निघालेल्या एका गुरुजींनी फोन करून विचारलं, "कापसाच्या हमीभावाची ती चौकट म्हणजे चार ओळी. लेखात टाइप केल्या की झालं. हे महिरपी कंस अन् मॉड्यूल काहून पाह्यजे?"

आजवर मी "सोयीचं पडते" म्हणून वेळ मारून नेली. खरं म्हणजे सोयीचं अजिबात पडत नाही. आमची साइट जूमला या सॉफ्टवेअरवर चालते, आणि मॉड्यूल म्हणजे एकदाच लिहून हव्या त्या पानांवर दाखवायचा तुकडा. त्याला मनानं पोझिशनचं, म्हणजे जागेचं, नाव द्या, लेखात नेमक्या जागी कंसात लोडपोझिशन आणि तेच नाव लिहा, एक अक्षर चुकलं की चौकट गायब. ते नाव ठळक करायला गेलात तर एडिटर कंसाच्या आत आपला कोड घुसडतो, मग पानावर चौकट येत नाही. आणि आपली पोरं लेख तपासताना ती ओळ कचरा समजून पुसतात. पुसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांचाही दोष नाही. ती दिसतेच कचऱ्यासारखी. मागच्या पोळ्याच्या आठवड्यात तीन लेखांतून पुसली गेली होती. मी ओरडलो. नंतर चहा पाजला.

तरी मी ते सोडत नाही. कारण सांगतो, एकदाच. परत विचारू नका.

2017 सालची बोंडअळी तुम्हाला सांगायला नको. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वरून हिरवीगार आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. त्या डिसेंबरात एका रात्रीत बसून मी बोंडअळीवर लेख लिहिला. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग दिसले तर काय करायचं, फरतड (हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं पीक) का ठेवायची नाही, पऱ्हाट्या बांधावर रचून का ठेवायच्या नाहीत, असा सगळा. शेवटी दुसऱ्या लेखातल्या चार ओळी उचलून चिकटवल्या. त्यातली पहिली ओळ अशी होती: "यंदाचा हमीभाव, लांब धागा: 4,320 रुपये."

यंदाचा. साल नाही. यंदा म्हणजे यंदाच, त्यात लिहायचं काय, असं मला तेव्हा वाटलं असणार.

पुढच्या वर्षी हमीभाव क्विंटलला 5,450 झाला, मग 5,550, मग 5,825. ज्या ज्या लेखांत त्या चार ओळी होत्या त्यांची यादी माझ्याकडे वहीत होती, तेरा लेखांची. दर वर्षी हमीभाव जाहीर झाला की वही उघडायची, एकेक लेख काढायचा, आकडा बदलायचा, पुढे बरोबरची खूण करायची. माझा त्या वहीवर फार जीव होता. शिस्त म्हणजे काय ते पाहा, असं मी पोरांना ती वही दाखवून सांगत असे. बोंडअळीचा लेख त्या यादीत नव्हता. तो चौदावा.

2020 च्या भाऊबीजेला आईला घेऊन मामाच्या गावी गेलो. मामा जाऊन चार वर्षं झाली होती, पण आई त्या दिवशी जातेच, मामीला भेटून येते. मला आठवतं ते हे की ओसरी रिकामी होती. दिवाळीत मामीची ओसरी कापसानं अर्धी भरलेली असते, नातू त्याच्यावर लोळत असतो, मामी ओरडत असते की पिवळा पडेल. या वेळी शेणानं सारवलेली जमीन स्वच्छ, कोपऱ्यात वेचणीचे कापडी ओटे घडी करून ठेवलेले.

मी म्हटलं, "एवढ्या लवकर इकला?"

मामी खुश होती. "तुह्याच साइटवर पाहून इकला, बाबू. व्यापारी दारात आला, चार हजार नवशे म्हणे. मी म्हटलं, थांब जरा. पोराले म्हटलं मोबाइलात पाह्य. त्यानं पाह्यलं तं हमीभाव चार हजार तीनशे ईस. म्हटलं, हा तं पाचशेच्या वर जास्त देऊन राह्यला. देऊन टाकला."

नातवानं मला फोन दाखवला. नववीतलं पोर, अभिमानानं दाखवत होतं. गूगलवर 'कापूस हमीभाव' टाकलं की माझा लेख वर आला होता, कारण बोंडअळीच्या वर्षी तोच सगळ्यात जास्त वाचला गेला होता. खाली बोटानं सरकवत गेलो. सापळे, फरतड, पऱ्हाट्या. आणि शेवटी त्या चार ओळी. यंदाचा हमीभाव.

11 क्विंटल कापूस. 5,825 मधून 4,900 गेले की उरतात 925. अकरा पटीनं 10,175 रुपये. हा हिशेब मी ताटासमोर बसून केला. मामीनं अनारसा वाढला, तो खाल्ला, आणि म्हटलं, "बरं केलं मामी."

तेव्हा खरं सांगितलं नाही. हे लिहायला मला पाच वर्षं लागली.

आता माझ्या बाजूनंही थोडं ऐका. 10,175 चा आकडा पूर्ण खरा नाही. सरकारी खरेदीत पूर्ण भाव आठ टक्के ओलाव्यापर्यंत मिळतो, पुढे टक्क्या-टक्क्यानं कपात, बाराच्या वर कापूस घेतच नाहीत. दिवाळीच्या आधीच्या वेचणीत दव असतं. दहा टक्के ओलावा धरला तर भाव 5,700 च्या आसपास येतो. त्यातून गाडीभाडं जातं. केंद्रावर नोंदणी, रांग, पैसे खात्यात यायला लागणारे दिवस, हे वेगळंच. व्यापाऱ्यानं रोख दिले, जागेवर दिले. मामीला मजुरांचे द्यायचे होते. म्हणजे नुकसान फार तर आठ-नऊ हजारांचं.

असा हिशेब मी कितीदा केला असेल. दर वेळी आकडा थोडा कमी येतो, शून्य काही येत नाही.

मामीला कळलं संक्रांतीच्या सुमारास, शेजारच्यांचा कापूस केंद्रावर गेला तेव्हा. तिनं मला काहीच म्हटलं नाही. आईजवळ एवढंच बोलली, "असू दे, त्याले थोडंच मालूम होतं." मालूम होतं ना. ताटावर बसलो तेव्हाच मालूम झालं होतं.

तर 2020 च्या डिसेंबरात मी जूमलाचं ते प्लगिन शिकलो, लेखातल्या कंसाच्या जागी मॉड्यूल आणून दाखवणारं.  सगळ्या लेखांतल्या चार-चार ओळी काढून टाकल्या, एकच कस्टम मॉड्यूल केलं, आणि चौदा जागी कंस. आकडा एका ठिकाणी बदलायचा, चौदा ठिकाणी बदलतो. वही माळ्यावर टाकली. आता चूक होऊच शकत नाही, असं मी गटाच्या बैठकीत बोललोसुद्धा.

पुढच्याच वर्षी झाली. मॉड्यूल कुठल्या पानांवर दिसावं याची एक खूण असते: सगळ्या पानांवर, कुठल्याच नाही, की निवडलेल्या. मी शहाणपणा करून 'निवडलेल्या' केलं आणि मेनूतल्या दोनच गोष्टींवर टिचकी मारली. लेखातले कंस जागच्या जागी होते, प्लगिन चालू होतं, पण बाकी पानांसाठी मॉड्यूलला परवानगीच नव्हती. कुठे लाल अक्षरात चूक दिसली नाही, काही नाही. लेखात लिहिलेलं, 'हमीभावासाठी खालची चौकट पाहा', आणि खाली कोरी जागा. चार महिने. आणि ज्या चुकीच्या आकड्यानं मामीला ठकवलं तो निदान डोळ्यांना दिसत तरी होता.

कुणाचं नुकसान झालं नाही, पण त्यात माझी करामत शून्य. त्या हंगामात बाजारच इतका चढला की पुढे भाव दहा हजारांवर गेला. हमीभाव कोण विचारतो? चौकट आहे की नाही हे एकानंही फोन करून विचारलं नाही. हेही थोडं लागलंच मनाला.

माळ्यावरची वही मी परत खाली काढली. आता हमीभाव जाहीर झाला की मॉड्यूलमध्ये आकडा बदलतो, आणि मग वही घेऊन लेख एकेक उघडून बघतो, चौकट आली का. लेख आता चाळीसवर गेलेत. म्हणजे काम वाचलं कुठे, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. तो रास्त आहे. मीच स्वतःला विचारतो. 2017 च्या त्या रात्री मी 'यंदाचा' ऐवजी '2017-18 चा' एवढंच लिहिलं असतं, तर त्या पोरानं मोबाइलवर साल वाचलं असतं, मामी थांबली असती, आणि मला प्लगिनचं नाव आजही माहीत नसतं. चूक नक्कल करण्यात होती की एका शब्दात होती? गुरुजी म्हणाले, शब्दात. ते मराठी शिकवतात, त्यांना तसं वाटणारच. मी म्हणतो, सालासकट लिहिला असता तरी जुना आकडा लेखात पडून राहिलाच असता, आणि घाईत साल कोण वाचतं? मग रात्री झोपताना वाटतं, पोरगा नववीत होता, वाचलं असतं त्यानं.

आता चौकटीत आकड्याच्याही वर साल असतं, जसं 'हंगाम 2025-26, लांब धागा 8,110', मोठ्या अक्षरात. त्याचाही उपयोग मर्यादितच. लोक चौकटीचा फोटो काढतात, फक्त आकड्याचा भाग कापतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. तिथे ना माझं मॉड्यूल पोचतं ना वही.

मामी साइट पाहत नाही. त्यानंतर कधीच पाहिली नाही. सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची शेतातली पूजा, झालं आणि पहिली वेचणी घरात आली की तिचा फोन येतो, "भाव काय हाय, बाबू?" मी संगणक सुरू करतो, मॉड्यूल उघडतो आणि त्यातून वाचून सांगतो. ती थोडा वेळ गप्प राहते.

"यंदाचाच हाय ना रे?"