झालं की केलं?

एकतीस वर्षं मी कोर्टात लघुलेखक होते. लोकांची वाक्यं कानात धरायची आणि कागदावर उतरवायची, एवढंच काम. त्यामुळे एक खोड लागली ती सुटत नाही: माणूस काय सांगतोय याआधी माझं लक्ष त्याच्या क्रियापदाकडे जातं. "मी मारलं" हे वाक्य मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा ऐकलं असेल. बाकी सगळं "हात उचलला गेला", "माझ्या हातून घडलं", "झटापट झाली, त्यात त्याला लागलं". लागलं! कुणी मारलं नाही, नुसतं लागलं. साहेब लेखणी ठेवून विचारायचे, "लागलं म्हणजे कसं लागलं?" आणि मग पिंजऱ्यात जी शांतता व्हायची ती उतरवून घ्यायला लघुलिपीत खूण नाही.

निवृत्तीनंतर जुन्या शोकांतिका वाचायला घेतल्या. समीक्षेची पुस्तकंही चाळली. शोकांतिकेतला नायक ज्यामुळे कोसळतो त्यासाठी ॲरिस्टॉटलने वापरलेला 'हामार्शिया' हा शब्द कुणी 'दोष' म्हणून लावतो, कुणी 'प्रमाद' म्हणून; मुळात त्यात नेम चुकणं आहे म्हणतात. असेल. माझा कान मात्र सवयीने पिंजऱ्यातल्या माणसाकडेच गेला. हा 'केलं' म्हणतोय की 'झालं'?

शेक्सपिअरच्या हॅम्लेटनेच पहिल्यांदा माझा हिरमोड केला. एवढा बुद्धिमान राजपुत्र, स्वतःला सोलून काढणारा. पडद्याआड कोण आहे हे न बघता तलवार खुपसतो आणि पोलोनियस मरतो. शेवटी त्याच्या मुलाची, लेआर्टिसची, माफी मागायची वेळ येते तेव्हा हा काय म्हणतो? तुझा अपराध हॅम्लेटने केला का? छे. हॅम्लेट स्वतःत नसताना ते घडलं, म्हणजे ते त्याच्या वेडाने केलं, आणि त्या वेडाने गांजलेल्यांत बिचारा हॅम्लेटही आलाच. हा बचाव मी किती वेळा टाइप केलाय! वेडाचं सोंग आपण स्वतःच जाहीर केलं होतं, हे तो या ठिकाणी सोयीने विसरतो.

त्या मानाने ऑथेल्लोच्या खोलीतला प्रसंग एखाद्या उलटतपासणीसारखा वाचावा. त्याची बायको डेस्डेमोना शेवटचे श्वास घेतेय. तिची दासी एमिलिया विचारते, हे कुणी केलं? ती म्हणते, कुणी नाही, मीच. गळा दाबला गेलेली बाई नवऱ्यासाठी खोटी साक्ष देऊन मरते. आणि ऑथेल्लो काही क्षण त्या साक्षीच्या आडोशाला उभा राहतो: ऐकलंस ना, ती स्वतःच म्हणाली, मी नव्हे. एमिलिया म्हणते, हो, तिने सांगितलं ते मी खरं खरं सांगेन. मग मात्र त्याला ते सहन होत नाही. तिला खोटारडी म्हणतो, नरकात गेली म्हणतो आणि त्याच दमात सांगून टाकतो की मीच तिला मारलं. कबुली आणि शिवी एकाच वाक्यात. हे नाटककाराला कोर्टात न बसता कसं कळलं असेल कुणास ठाऊक.

आता माझंही एक वाक्य सांगते, नाहीतर ही सगळी दुसऱ्यांचीच चौकशी होईल. अकरा वर्षांपूर्वी गाडी मागे घेताना माझ्या चाकाखाली शेजाऱ्यांचा म्हातारा कुत्रा सापडला. त्यांचं दार वाजवलं आणि म्हणाले, "तो गाडीखाली आला." तो आला. कर्ता कुत्रा. एकतीस वर्षं दुसऱ्यांची क्रियापदं पकडणाऱ्या बाईच्या तोंडून निघालेलं हे वाक्य. शेजारचे काका म्हणाले, "जाऊ द्या हो, त्याला ऐकूच येत नव्हतं." मी मान हलवली. म्हणजे त्यांनी दिलेली सूट मी घेतली. आरशात बघितलं नव्हतं, हे त्यांना आजवर सांगितलेलं नाही. कुत्र्याचा प्रसंग आणि राजांच्या शोकांतिका एका पंगतीत बसवू नयेत, हे मलाही कळतं. पण व्याकरण तेच होतं.

त्यामुळे राजा लिअर वाचताना मी एका जागी अडकले. वादळात उभा राहून तो म्हणतो की मी केलेल्या पापापेक्षा माझ्यावर झालेलं पाप मोठं आहे. हे वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण त्याच्या खूप आधी, पहिल्याच अंकात, विदूषकाची बडबड चालू असताना, लिअर मध्येच पुटपुटतो: मी तिच्यावर अन्याय केला. नावही घेत नाही, पण ती म्हणजे त्याने हाकलून दिलेली धाकटी मुलगी कॉर्डेलियाच. विदूषक पुढे विचारतो, कालव आपला शिंपला कसा बनवतो सांगता येईल? आणि ते वाक्य तसंच वाहून जातं. म्हणजे कबुली आधी आली होती, वकिली नंतरची. त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असलेलं त्याने वादळाच्या आवाजात बुडवलं. पुढे तो कॉर्डेलियाला म्हणतो, माझ्यावर राग धरायला तुला कारण आहे. ती म्हणते, काही कारण नाही, काही नाही. लोक इथे रडतात. मला शेजारचे काका आठवतात आणि अवघडल्यासारखं होतं.

कर्णाबद्दल लिहायचं म्हणजे मराठी वाचकांशी भांडण. आपल्याला त्याचे शाप पाठ असतात: परशुरामाचा, ब्राह्मणाचा. कवचकुंडलं, सूतपुत्र म्हणून झालेले अपमान. सगळं खरं, आणि सगळं त्याला 'झालेलं'. द्यूतसभेत द्रौपदीला 'बंधकी' म्हणणं आणि तिची वस्त्रं काढून घ्यायला दुःशासनाला सांगणं, हे मात्र त्याने केलेलं. तिथे कुठला शाप बोलत नव्हता. गंमत अशी की कर्ण स्वतः आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे. उद्योगपर्वात कृष्णाच्या रथात, साक्षीदार नसताना, तो सांगतो: दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना कडू बोललो, त्या कर्माने आज मी पोळतोय. बोललो. पोळतोय. दोन्ही क्रियापदं त्याची.

पुढे रथाचं चाक रुततं तेव्हा हाच माणूस धर्माला बोल लावतो, आणि मग कृष्णाचा तो प्रश्न येतो जो मोरोपंतांनी आपल्या तोंडी बसवून ठेवलाय: "तेव्हा गेला होता कोठे राधासुता तुझा धर्म?" महाभारतात यावर कर्ण लाजेने मान खाली घालतो आणि उत्तर देत नाही. मला तो सर्वांत मोठा तिथे वाटतो. वाचकच त्याच्या वतीने आजपर्यंत उत्तरं देत बसलेत. त्याने वकीलपत्र दिलेलं नाही.

आणि ईडिपस. तपास करणारा, शिक्षा जाहीर करणारा आणि आरोपी, तिघंही एकच माणूस. बाप मारला, आईशी लग्न केलं, दोन्ही नकळत. ते कळल्यावर स्वतःचे डोळे फोडून बाहेर येतो तेव्हा म्हणतो, हे माझं दुःख अपोलोने घडवलं. पण डोळ्यांवर घाव घालणारा हात दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच. किती नेमका जबाब! जे घडलं ते देवाचं, जे समजून उमजून केलं तेवढं माझं.

ईडिपसचं नाटक लिहिणाऱ्या ग्रीक नाटककार सोफोक्लीसने उतारवयात त्याच्यावर पुन्हा एक नाटक लिहिलं. सोफोक्लीस इ.स.पू. ४०६ मध्ये वारला आणि 'कोलोनसमधला ईडिपस' इ.स.पू. ४०१ मध्ये त्याच्या नातवाने उभं केलं. यात आंधळा म्हातारा ईडिपस चक्क स्वतःचा खटला लढवतो. माझी कृत्यं मी केली त्यापेक्षा सोसली जास्त, म्हणतो. मेहुण्याला, क्रिऑनला, विचारतो, तुला आत्ता कुणी मारायला आलं तर आधी विचारशील का, बाबा रे, तू माझा बाप का? बिनतोड. मी न्यायाधीश असते तर सोडलं असतं.

पण सुटल्यावर तो काय करतो ते बघा. मुलगा पॉलिनायसीस मदत मागायला येतो, बापाची हेळसांड केली हे कबूल करतो. म्हणतो, मी वाईट वागलो. त्याने 'झालं' म्हटलेलं नाही. आणि बाप त्याला शाप देतो: तुझ्या भावाच्या हातून मरशील आणि त्याला मारशील. पोरगा बहिणींना एवढंच सांगतो की मला निदान मूठमाती द्या, आणि निघून जातो. बहीण अँटिगनी त्याला अडवत राहते.

या वेळी ईडिपसला समोरचा कोण आहे हे पक्कं माहीत होतं.